जव्हार-मोखाड्याचा मोह व पालघर जिल्ह्यांतील नवा मद्योद्योग

(१) विषयप्रवेश

पालघर जिल्ह्यांत मद्य गाळण्याचा एक नवा उद्योग सांप्रत आकारास येत आहे. डहाणू येथील साउथ सीज डिस्टिलरीज ह्या कारखान्यानें अलीकडे, २०२४ च्या सुमारास, ‘क्रेझी कॉक’ ह्या नांवाची सिंगल माल्ट व्हिस्की व ‘सिक्स ब्रदर्स’ ह्या नांवाचें मोहाच्या फुलांचें मद्य अशीं दोन पेयें बाजारांत आणिलीं. पुढें जून २०२५ मध्यें महाराष्ट्र शासनानें राज्यांतच धान्यापासून तयार होणाऱ्या मद्याचा ‘महाराष्ट्र मेड लिकर’ म्हणून एक स्वतंत्र वर्ग निर्माण केला. ह्या दोन्ही गोष्टींची चर्चा व्यापारी वर्तमानपत्रांत पुष्कळ झाली. इतिहाससंशोधनाच्या त्रैमासिकांत तिला स्थान काय, असें कित्येक वाचकांस वाटेल. ह्या शंकेचें उत्तर आरंभींच दिलेलें बरें.

हा उद्योग वाढेल कीं नाहीं, हा प्रश्न व्यापाऱ्यांचा आहे. तो वाढल्यास जव्हार व मोखाडें ह्या दोन तालुक्यांच्या पदरांत काय पडेल, हा प्रश्न मात्र इतिहासाचा आहे; कारण हक्क कोणाचा, चाल कोणाची, व ती केव्हांपासूनची, हें ठरविण्याचें साधन कागद हेंच आहे. गेल्या दीडशें वर्षांत ह्या मुलुखांत मद्याचा धंदा जेव्हां जेव्हां मोठा झाला तेव्हां तेव्हां मडकें गांवांतून उठून दूर गेलें. तें पुन्हा जावें कीं राहावें, ह्याचा निकाल लावण्याच्या कामीं आमच्या वाचकांच्या संग्रहांतील कागदांचा उपयोग होण्यासारखा आहे. हें दाखविणें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु होय.

(२) पैष्टी व माध्वी

मनुस्मृतींत सुरेचे तीन प्रकार सांगितले आहेत: गौडी, पैष्टी व माध्वी. पहिली गुळाची, दुसरी पिठाची. माध्वी ह्या शब्दावर टीकाकारांत एकमत नाहीं. परंतु कुल्लूकभट्टानें मधूक वृक्षाच्या फुलांपासून केलेली ती माध्वी, असा अर्थ घेतला आहे. मधूक म्हणजेच आमचा मोह. अमरकोशांत त्याचे गुडपुष्प, मधुद्रुम, वानप्रस्थ असे पर्याय दिले आहेत. ज्याचें फूलच गुळासारखें तो गुडपुष्प, हें नांव ज्यानें तें फूल एकदां चाखलें आहे त्यास समजावून सांगावें लागत नाहीं.

ह्या वर्गीकरणांत ठेवावयाचें तर व्हिस्की ही पैष्टी होय. जव भिजवून त्यास मोड आणावयाचे, मोड आलेले जव वाळवून भरडावयाचे, ऊन पाण्यांत त्यांतील गोडी उतरवून ती आंबवावयाची, आणि तांब्याच्या भट्टींत सामान्यतः दोन वेळां गाळून तो अर्क ओकच्या पिंपांत वर्षानुवर्षें मुरत ठेवावयाचा, हा तिचा विधि. स्कॉटलंडच्या कायद्यानें हें मुरणें किमान तीन वर्षांचें ठरविलें आहे. आपल्या देशांत व्हिस्की म्हणून खपणारा पुष्कळसा स्वस्त माल उसाच्या मळीच्या मद्यार्कापासून होत आला. म्हणजे नांव पैष्टीचें व कूळ गौडीचें, असा तो प्रकार आहे. डहाणूची सिंगल माल्ट ही खरी पैष्टी, व त्याच कारखान्याचें मोहाचें मद्य ही कुल्लूकाच्या अर्थानें खरी माध्वी. एकाच छपराखालीं दोन्ही होतात, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत दुसऱ्या अधिकरणांत सुराध्यक्षाचें प्रकरण आहे. त्यांत मद्याचा धंदा राजाच्या ताब्यांत ठेवून त्यावर कडक देखरेख सांगितली आहे. तथापि त्याच प्रकरणांत दोन अपवाद आहेत. गृहस्थांनीं घरच्या कृत्यांसाठीं श्वेतसुरा व औषधासाठीं अरिष्ट करण्यास हरकत नाहीं, हा पहिला. आणि उत्सव, समाज व यात्रा ह्या प्रसंगीं चार दिवस सुरा करण्याची मोकळीक द्यावी, हा दुसरा. राजाचें उत्पन्न एकीकडे व गृहस्थाचा अधिकार दुसरीकडे, अशी ही वाटणी आहे. कौटिल्य महसुलाच्या बाबतींत उदार होता असें कोणी म्हणणार नाहीं. त्यालाहि जो अधिकार मान्य करावासा वाटला तो पुढें कोणत्या मार्गानें नाहींसा झाला, हें आतां पाहूं.

(३) जव्हार व मोखाडें

हे दोन तालुके एकमेकांस लागून आहेत, दोहोंत डोंगर, रान व पाऊस सारखाच, आणि वस्तीहि वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी व मल्हार कोळी अशी बहुतेक एकाच प्रकारची. परंतु राज्यव्यवस्थेच्या दृष्टीनें दोहोंचा इतिहास निराळा आहे. जव्हार हें मुकणे घराण्याचें कोळी संस्थान. चवदाव्या शतकाच्या आरंभीं जयबा मुकणे ह्यानें त्याचा पाया घातला, अशी घराण्याची परंपरा आहे. त्याचा मुलगा नेमशहा ह्यास दिल्लीच्या सुलतानाकडून राजपदाची मान्यता मिळाल्याचा दिवस ५ जून १३४३ हा मानतात. त्या दिवसापासून संस्थानांत स्वतंत्र शक सुरू झाला, व एकोणिसाव्या शतकांतहि सरकारी कागदांवर तो घालीत असत. जव्हारी कागद हातीं आल्यास त्यावरील वर्षांत स्थूलमानानें १३४३ मिळवून इसवी सन काढावा लागतो. हें ध्यानीं न घेतल्यास कागद शेंकडों वर्षें मागें ढकलला जाईल.

संस्थानाचा विस्तार सुमारें ३१० चौरस मैल होता. १९४८ सालीं तें मुंबई प्रांतांत विलीन होऊन ठाणें जिल्ह्यास जोडलें गेलें. मोखाडें मात्र जुन्या कोळवणाचा, म्हणजे पुढील शहापूर तालुक्याचा, एक पेटा म्हणून पेशवाईच्या अखेरीपासून इंग्रजी अंमलांत होतें. ठाणें जिल्ह्याचें विभाजन होऊन १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर जिल्हा झाला तेव्हां दोन्ही तालुके त्यांत आले. दोन्ही अनुसूचित क्षेत्रांत मोडतात.

ह्या मुलुखांत मोहाचें झाड सहसा कोणी तोडीत नाहीं. फाल्गुन-चैत्रांत रात्रीं व पहांटे फुलें गळतात. बायका व मुलें तीं पहांटेस वेंचतात. वाळलेलीं फुलें अडीच्या महिन्यांत खाण्याच्या कामीं येतात, बियांचें तेल निघतें, आणि फुलांचा कांहीं भाग मडक्यांत आंबवून गाळला जातो. चुलीवर आंबवणाचें मडकें, त्याच्या तोंडास लावलेली बांबूची नळी, व थंड पाण्यांत ठेवलेलें दुसरें भांडें, एवढीच त्याची सामग्री. प्रथम उतरते ती पहिल्या धारेची. लग्नांत धवलेरी विधि सांगत असतां, वाघबारशीस, नव्या धान्याच्या वेळीं कणसरीपुढें, असें ठिकठिकाणीं हें मद्य देवास दाखविल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. म्हणजे कौटिल्यानें ज्यास ‘कृत्य’ म्हटलें आहे, नेमका तोच प्रसंग.

(४) तीन कायदे

मुंबई सरकारचा अबकारी कायदा १८७८ सालचा. त्यापूर्वीं सरकार मक्त्यानें पैसा घेई, व गांवोगांव लहान भट्ट्या चालत. ह्या कायद्यानें व चार्ल्स प्रिचर्ड ह्या अधिकाऱ्याच्या धोरणानें मध्यवर्ती भट्टीची पद्धति रूढ केली. ठाणें व कुलाबा ह्या भागांसाठीं दारू गाळण्याचें मुख्य ठाणें उरण झालें. तेथील भट्ट्या पारशी गृहस्थांच्या होत्या. त्यांस लागणारीं मोहाचीं फुलें पंचमहालांतून येत. ह्या व्यवस्थेचा अर्थ असा कीं, मोखाड्याच्या रानांत फूल पायांखालीं पडत होतें, आणि त्याच फुलाची दारू परमुलुखांतील फुलें समुद्रकांठीं गाळून, तीवर कर बसवून, दुकानांत विकत मिळत होती.

परंतु रानांत फूल आहे तोंवर घरचें मडकें बंद पडणें शक्य नव्हतें. म्हणून १८९२ सालीं मुंबई कायदेमंडळानें त्या वर्षाचा तिसरा कायदा केला. तो मोहाच्या फुलांचा कायदा म्हणून प्रसिद्ध आहे. ठाणें व कुलाबा ह्या जिल्ह्यांत फुलांचा संग्रह व व्यवहार ह्यांवर त्यानें निर्बंध घातले. दारूवर निर्बंध घालणारे कायदे जगांत पुष्कळ झाले. रानांत आपोआप गळणाऱ्या व उपासाच्या दिवसांत खाल्ल्या जाणाऱ्या फुलावर निर्बंध घालणारा कायदा विरळा. ह्या कायद्यानें मद्यपान कमी झालें नाहीं, मात्र भक्ष्य, पूजाद्रव्य व औषध असलेली वस्तु गुन्ह्याचा पुरावा बनली.

येथें एक सूक्ष्म गोष्ट संशोधकांनीं ध्यानांत घ्यावी. मोखाडें खालसा असल्यामुळें हे कायदे तेथें सरळ लागू झाले. जव्हार हें संस्थान असल्यामुळें मुंबईचा कायदा तेथें आपोआप लागू होत नसे, दरबारास आपला हुकूम काढावा लागे. तेव्हां एकाच जमातीच्या, सोयरीकसंबंध असलेल्या दोन गांवांत, केवळ शीव आड आली म्हणून, मडक्याची कायदेशीर स्थिति निराळी ठरण्यास जागा होती. ह्या तुलनेस उपयोगी असे कागद जव्हार दरबाराच्या दप्तरांतच असावयाचे, आणि म्हणूनच त्या दप्तराचें महत्त्व विशेष.

तिसरा कायदा १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा. तो १६ जून १९४९ रोजीं अंमलांत आला, व ६ एप्रिल १९५० पासून पूर्ण दारूबंदी सुरू झाली. जव्हार संस्थान नुकतेंच विलीन झालें होतें. त्यामुळें आतां दोन्ही तालुके एकाच कायद्याखालीं आले. मोहाच्या फुलांविषयीं १९५० सालीं निराळे नियम झाले. पुढें पूर्ण बंदी सैल झाली. १९७३ च्या नियमांनीं कारखान्यांत तयार होणारी ‘देशी दारू’ परवान्याच्या दुकानांत मिळूं लागली. परंतु घरचें मडकें बंदच राहिलें, आणि परवान्यावांचून गाळणें हा महाराष्ट्रांत आजहि गुन्हाच आहे. फुलें गोळा करणें, साठविणें व वाहून नेणें ह्यांवरील बंधनें राज्य शासनानें २०२१ सालीं सैल केलीं. म्हणजे १८९२ मध्यें फुलावर पडलेली गांठ सुटण्यास सव्वाशेंहून अधिक वर्षें लागलीं. मडक्यावरील गांठ अद्यापि तशीच आहे.

(५) १९२२ ची दुसरी बाजू

डहाणूच्या मोहाच्या मद्याच्या एका प्रकाराच्या नांवांत १९२२ हा आकडा आहे. त्या भागांत पारशी कुटुंबांच्या मोहाच्या भट्ट्या दारूबंदीपूर्वीं चालत, त्या परंपरेचें तें स्मरण. परंतु ह्याच वर्षाची दुसरी एक आठवण ह्या जिल्ह्यास आहे. १९२२ सालीं पालघरच्या किनाऱ्यावरील मच्छीमार कोळ्यांत देवी अंगांत येऊं लागली. तेथून ती लाट डोंगराळ मुलुखांत, धरमपूर-सुरगाण्यापर्यंत व पुढें सुरत जिल्ह्यांत पसरली. दारू-ताडी सोडा, मांसमत्स्य सोडा, स्वच्छ राहा, अशा देवीच्या आज्ञा असत. सुरतेच्या बाजूस हजारों आदिवासींनीं दारू सोडली, पारशी दुकानदारांवर बहिष्कार घातला, व चळवळ गांधीजींच्या कार्याशीं जोडली गेली. डेव्हिड हार्डिमन ह्यांनीं १९८७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत हिचें साधार विवेचन केलें आहे.

ह्या हकीकतीवरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, मद्य हें आदिवासींच्या स्वभावांतच आहे, हा अबकारी अधिकाऱ्यांचा आवडता सिद्धांत खोटा आहे. त्यांनीं तें आपण होऊन सोडलें होतें. दुसरी, त्यांनीं टाकलें तें मुख्यतः दुकानाचें मद्य व त्यामागून येणारें कर्ज. ‘मोहाचें मद्य हा आमचा वारसा’ असें म्हणणाऱ्यानें ही बाजू झांकून ठेवूं नये. जें मद्य एका कृत्यांत देवापुढें ठेवलें जातें तेंच दुसऱ्या प्रसंगीं देवीच्या आज्ञेनें टाकलें जातें. दोन्ही निर्णय त्याच लोकांचे, व दोन्ही त्यांच्या इतिहासाचा भाग.

(६) नव्या उद्योगाचें बलाबल

आतां प्रस्तुत उद्योगाचा विचार. डहाणूच्या कारखान्याची उभारणी १९८४ ची. तांब्याच्या भट्टींत जवाची माल्ट गाळण्याचें काम तेथें तेव्हांपासूनचें, स्वतःच्या नांवानें बाटली विकण्याचें अलीकडचें. ह्या दोहोंच्या मधल्या काळांत देशांत मोठा फरक पडला. बंगलोरच्या अमृत कारखान्यानें २००४ सालीं आपली सिंगल माल्ट प्रथम ग्लासगोंत विकावयास काढली. २०१२ सालीं गोव्याहून पॉल जॉन आली. परदेशीं नांव झाल्यावर स्वदेशीं मान मिळावा हा आमच्या लोकांचा नेहमींचाच क्रम. तो येथेंहि दिसला, आणि २०२३ मध्यें देशांत खपलेल्या सिंगल माल्टपैकीं निम्म्याहून अधिक माल भारतीय होता असें ह्या धंद्याच्या संघटनेनें जाहीर केलें.

डहाणूस अनुकूल गोष्टी तीन. मुंबईची पेठ व बंदर जवळ; माल्ट गाळण्याचा चाळीस वर्षांचा सराव; आणि हवा. उष्ण हवेंत अर्क पिंपांत लौकर मुरतो, त्यामुळें स्कॉटलंडांत दहाबारा वर्षांनीं येणारी परिपक्वता येथें बरीच आधीं येते. पण ह्याच हवेची दुसरी बाजू अशी कीं, स्कॉटलंडांत पिंपांतून वर्षास शेंकडा सुमारें दोन भाग उडून जातात, तर आपल्याकडे शेंकडा दहा किंवा त्याहून अधिक. चार वर्षें मुरविण्यास ठेवलेल्या पिंपाचा तिसरा हिस्सा अशा रीतीनें हवेंत जातो. तेव्हां ज्याचें भांडवल कित्येक वर्षें अडकून पडलें तरी चालेल त्यानेंच हा धंदा करावा.

प्रतिकूल गोष्टीहि आहेत. जून २०२५ च्या निर्णयानें विलायती धर्तीच्या मद्यावरील उत्पादनशुल्क निर्मितिमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट झालें. त्याच निर्णयांत १८० मिलिलिटर बाटलीची किमान किंमत देशीस ८० रुपये, नव्या ‘महाराष्ट्र मेड’ वर्गास १४८, विलायती धर्तीच्या मद्यास २०५, व त्यांतील उंची मालास ३६० अशी ठरली. ह्या उतरंडींत १४८ ची पायरी राज्यांतील बंद पडलेल्या किंवा अर्धवट चालणाऱ्या कारखान्यांस संधि आहे. मुरविलेल्या सिंगल माल्टचा तीशीं फारसा संबंध नाहीं. तसेंच २४ जुलै २०२५ रोजीं ब्रिटनशीं झालेल्या व्यापारकरारांत स्कॉच व्हिस्कीवरील जकात शेंकडा १५० वरून प्रथम ७५ व दहा वर्षांत ४० वर आणण्याचें कलम आहे. म्हणजे उंची बाजारांत स्पर्धा वाढावयाची. शिवाय डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजुक म्हणून घोषित झालेला असल्यामुळें तेथें कारखान्यांच्या विस्तारास मर्यादा आहेत.

एकंदरींत पाहतां व्हिस्कीचा धंदा वाढण्यास जागा आहे, परंतु तो थोड्या, भांडवलवान हातांत राहील, हें उघड आहे. त्यांत जव्हार-मोखाड्याचा वांटा किती? जव हें तेथील पीक नव्हे. तें उत्तरेकडून येतें. तेथील धान्य म्हणजे भात, नागली व वरी; तें घरास पुरलें तरी पुष्कळ. जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी येथें १९९२ च्या सुमारास कुपोषणानें बालकें दगावलीं, ही गोष्ट साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक आहे. नागलीची व्हिस्की काढावी अशी सूचना कोणी केली तर ती ऐकावयास नवी व चतुर वाटेल. परंतु ज्या कोठारांत आषाढापर्यंत दाणा उरत नाहीं त्यांतून भट्टीस दाणा काढणें हें शहाणपणाचें नाहीं. पैष्टी ही ह्या मुलुखास पेलणारी नव्हे.

माध्वीची गोष्ट निराळी. फूल नांगरावें, पेरावें लागत नाहीं. त्यास ओकचें पिंप व दहा वर्षांचा धीर लागत नाहीं. गाळल्यापासून थोड्याच दिवसांत तें विकतां येतें. भट्टी लहान चालते. ह्या उद्योगाचा जो भाग जव्हार-मोखाड्यांत राहूं शकेल तो हाच होय.

(७) हक्काचा प्रश्न

मात्र तो तेथें राहील कीं नाहीं हें फुलावर नव्हे, परवान्यावर ठरणार. येथें शेजारची दोन उदाहरणें उपयोगी आहेत. गोव्याच्या काजूच्या फेणीस २००९ सालीं भौगोलिक निर्देशनाची नोंदणी मिळाली, व २०१६ सालीं गोवा सरकारनें तिला वारशाचें मद्य म्हणून मान्यता दिली. त्यामुळें तिची प्रतिष्ठा वाढली. पण कागदोपत्रीं ती ‘देशी दारू’च्या वर्गांत असल्यामुळें परराज्यांत विकण्यास अडचणी राहिल्या. म्हणजे नुसतें नांव पुरत नाहीं, वर्गहि बदलावा लागतो. मध्यप्रदेश शासनानें २०२१ च्या अखेरीस मोहाच्या मद्यास वारशाचा दर्जा देण्याचें जाहीर करून पुढें त्याचे नियम केले, आणि गाळण्याचें काम आदिवासींच्या स्वयंसहाय्यता गटांस राखून ठेविलें; अलिराजपूर व दिंडोरी येथें तें सुरू झालें. वर्ग बदलला व हक्कहि नेमून दिला, हें त्याचें वैशिष्ट्य.

महाराष्ट्रांत ह्या कामीं एक कायद्याचा आधार आधींच आहे. १९९६ चा पेसा कायदा व त्याखालील महाराष्ट्राचे २०१४ चे नियम ह्यांनीं अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांस गौण वनोपजाची मालकी दिली आहे, आणि मादक पदार्थांच्या विक्रीवर व सेवनावर बंदी अथवा नियंत्रण घालण्याचा अधिकारहि दिला आहे. ह्या दोन अधिकारांची जोड मार्मिक आहे. जी ग्रामसभा फुलाची मालक तीच मद्याची नियामक. जिला भट्टी हवी ती मागूं शकेल, जिला नको ती नाकारूं शकेल. गडचिरोली जिल्ह्यांत लोकांच्या मागणीवरून १९९३ पासून दारूबंदी आहे, तेथेंहि मोहाचीं रानें आहेतच. एका जिल्ह्याचा नकार व दुसऱ्याचा होकार ह्यांत विरोध नाहीं. निर्णय गांवाचा असला म्हणजे झालें.

भौगोलिक निर्देशनाचा कायदा १९९९ चा; तो २००३ पासून अंमलांत आहे. व्यापारचिन्ह विकतां येतें, दुसऱ्याच्या नांवें करून देतां येतें. भौगोलिक निर्देशन विकतां येत नाहीं. तें त्या प्रदेशांतील उत्पादकांचें सामायिक असतें. ह्याच जिल्ह्यांत घोलवडच्या चिकूस २०१६ सालीं अशी नोंदणी मिळाली, व वाड्याच्या कोलम भातासहि पुढें मिळाली. मोहाच्या मद्यास ती मिळविणें अशक्य नाहीं. परंतु क्रम चुकतां कामा नये. आजच्या कायद्यानें परवानाधारक कारखाना एवढाच उत्पादक. मडक्यावर गाळणारा गुन्हेगार. अशा स्थितींत नोंदणी झाली तर उत्पादक म्हणून नांव लागेल तें कारखान्याचें, आणि जव्हार-मोखाड्याचा माणूस केवळ फूल वेंचणारा म्हणून उरेल. उरणच्या वेळीं जें झालें तेंच पुन्हा, फक्त ह्या वेळीं मोहरबंद प्रमाणपत्रासह. तेव्हां आधीं लहान भट्टीचा परवाना ग्रामसभेच्या संमतीनें देणारा नियम, व मागाहून नोंदणी, हाच योग्य क्रम होय.

(८) संग्राहकांचें काम

ह्या दोन्ही पायऱ्यांवर पुरावा लागतो. निर्देशनाच्या अर्जासोबत वस्तूच्या उगमाचा ऐतिहासिक पुरावा जोडावा लागतो. आणि परवान्याचा नियम मागावयाचा तर ही चाल अबकारीच्या आधींची, घरच्या कृत्यांशीं बांधलेली व ठराविक प्रदेशांतली आहे, हें दाखवावें लागतें. मौखिक साक्ष मोलाची खरी, परंतु कचेरींत तिला कागदाची जोड असल्यावांचून वजन येत नाहीं. कारखानदाराजवळ आपल्या घराण्याचा इतिहास आहे, वकील आहे, नकाशे आहेत. वारली गृहस्थाजवळ मडकें आहे. त्याचा कागद दुसऱ्यांच्या संग्रहांत, दुसऱ्याच कारणासाठीं लिहिलेला, असा पडून आहे. आणि तो ओळखण्याची विद्या आमच्या वाचकांपाशीं आहे.

ह्या दृष्टीनें ज्यांच्या संग्रहीं जव्हार, कोळवण, पेठ, सुरगाणें ह्या बाजूचीं मोडी रुमालें असतील त्यांनीं तीं पुढील सदरांसाठीं एकवार चाळावीं. पहिलें सदर कलालीचें: मक्त्याच्या सनदा, कबुलायती व बाकीच्या याद्या. दुसरें देवस्थान व दसऱ्याच्या खर्चाचे ताळेबंद: नैवेद्याच्या रकमांत मोहाचें फूल अथवा मद्य आलें आहे काय तें पाहावें. तिसरें रयतेचे अर्ज व कैफियती, विशेषतः १८७८ व १८९२ नंतरच्या. चवथें जंगलखात्याच्या जमाबंदीचे कागद, ज्यांत फुलें वेंचण्याचा हक्क नोंदला गेला असेल. पांचवें दरबारचे हुकूम. त्यांवरील शक जव्हारी असल्यास वर सांगितल्याप्रमाणें वर्ष काढावें. मापांचीं, भांड्यांचीं व फुलांच्या प्रतीचीं स्थानिक नांवें जेथें सांपडतील तेथें तीं जशींच्या तशीं उतरून घ्यावीं, त्यांस शुद्ध करूं नये. ‘उगम’ सिद्ध करण्याच्या कामीं अशा एका शब्दास कधीं कधीं सनदेइतकें मोल येतें. कागदांबरोबरच धवलेरींच्या तोंडचे विधि त्यांच्या संमतीनें व त्यांच्या नांवानिशीं उतरून ठेवावे.

जे कागद दारूविरुद्ध बोलतात तेहि तितक्याच काळजीनें राखावे. १९२२ च्या देवीची हकीकत सांगणारीं पत्रें, पोलिसांचीं टिपणें, आश्रमीय कार्यकर्त्यांच्या रोजनिशा, हीं सर्व त्याच संचांत गेलीं पाहिजेत. भट्टी मागणाऱ्या ग्रामसभेस जसा पूर्वजांचा पुरावा लागेल, तसा नाकारणारीसहि लागेल. विद्वत्संस्थेनें मद्याचा प्रचार करूं नये, हें म्हणणें आम्हांस सर्वथा मान्य आहे. परंतु ज्याचा हक्क कागदाअभावीं बुडत आहे त्यास कागद काढून देणें हा प्रचार नव्हे, तें संशोधकाचें नित्यकर्म आहे. इनामाच्या, वतनाच्या, मानपानाच्या असंख्य तंट्यांत आमच्या पूर्वसूरींनीं हेंच केलें. मोखाड्याच्या मडक्याची कैफियत अजून कोणी मांडलेली नाहीं, एवढाच फरक.

वरील सदरांपैकीं कोणताहि कागद ज्यांच्या हातीं लागेल त्यांनीं त्याची नक्कल, शक व मूळ ठिकाण ह्यांच्या टिपेसह, मंडळाकडे धाडावी. मूळ कागद ज्याचा त्याच्याच घरीं राहावा. नकलांचा एक संच जव्हारास व एक मोखाड्यास, ग्रामसभांस मागतां येईल अशा ठिकाणीं ठेवावा, अशी आमची सूचना आहे. कारण ज्यांच्याविषयीं तो पुरावा आहे त्यांस तो पाहण्यासाठीं पुण्या-मुंबईस यावें लागूं नये.